३६ आणि ६६६



दोन भावांमध्ये छत्तीसचा आकडा आहे, असं आपण सहज बोलून जातो. हा छत्तीस एकदा देवनागरीत डोळ्यांसमोर आणा. तीन आणि सहा, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले. हाच आकडा रोमन अंकांत लिहिला तर भांडणच मिटलं! आणखी दोन हजार वर्षांनी, देवनागरी विसरलेल्या एखाद्या पंडिताच्या हाती आपली पत्रं लागली, तर तो खुशाल लिहील की, या लोकांना छत्तिसाव्या वर्षी काहीतरी भयंकर घडणार असं वाटत होतं.

बायबलातल्या आकड्यांचं बरंचसं असंच झालं आहे.

नव्या करारातलं शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्याच्या तेराव्या अध्यायात एका श्वापदाचा आकडा दिला आहे, ६६६. हा माणसाचा आकडा आहे, ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करून पाहावा, असं लेखक सुचवतो. हिशेब कसला? तर अक्षरांचा. हिब्रू आणि ग्रीक लिपीत अक्षरंच अंकांचं काम करत, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज करता येई. अक्षरांतून आकडे सांगणारी आपल्याकडची कटपयादी पद्धत आठवा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका भिंतीवर कुणा प्रियकराने लिहून ठेवलं आहे की, जिच्यावर माझं मन जडलं तिचा आकडा ५४५. पोरीचं नाव चव्हाट्यावर येऊ नये, पण तिला तेवढं कळावं!

आता रोमचा सम्राट नीरो याचं नाव ग्रीक वळणाने, ‘नेरोन केसर’ असं हिब्रू अक्षरांत लिहा. नून म्हणजे ५०, रेश २००, वाव ६, पुन्हा नून ५०. पुढे कोफ १००, सामेख ६०, रेश २००. करा बेरीज. ६६६. याच नीरोने रोममध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला होता, आणि सम्राटाला श्वापद म्हणणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून हा आडपडदा. बहुतेक अभ्यासकांना आज हाच अर्थ पटतो. मला पटतो तो त्यातल्या एका गमतीमुळे. काही जुन्या प्रतींत ६६६ च्या जागी ६१६ आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथे सापडलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या तुकड्यावरही ६१६ च आहे. नीरोचं नाव लॅटिन वळणाने लिहिलं तर शेवटचा ‘न’ गळतो, पन्नास कमी होतात आणि उरतात नेमके ६१६. दोन्ही वाटा एकाच माणसाच्या दारात जाऊन पोचतात.

म्हणजे आकड्यात गुपित आहे, यात शंका नाही. पण ते आशिया मायनरमधल्या ज्या सात मंडळ्यांना पुस्तक लिहिलं, त्यांच्यासाठी होतं. तुमच्या-माझ्या सालासाठी नव्हतं. आणि प्रत्येक आकड्यात गुपित असतंच असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात १५३ मासे सापडतात. संत ऑगस्टीनने दाखवून दिलं की, एकपासून सतरापर्यंतची बेरीज १५३ होते, आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. सुंदर आहे. पण वाटे करायचे म्हणून कोळ्यांनी मासे मोजले असतील, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कुणालाही आधी सुचेल.

खरी पंचाईत होते ती तारखा काढायला बसलं की. अमेरिकेतला शेतकरी विल्यम मिलर याने बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरली, इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजली आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं साल म्हणून १८४३ गाठलं. काही घडलं नाही. मग लक्षात आलं की, मध्ये शून्य नावाचं वर्षच नसतं! अनुयायांनी नवा दिवस ठरवला, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक ख्रिस्ताची वाट पाहत जागले, काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. सकाळी नेहमीसारखं उजाडलं. तारीख बरोबरच होती, फक्त घटना स्वर्गात घडली, असं मानणाऱ्यांतून पुढे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच.

पण माझा आवडता माणूस त्याच्याही तीनशे वर्षं आधीचा, जर्मनीतला मिखाएल श्टीफेल. मठातला साधू, पुढे पोपविरुद्ध उभ्या ठाकलेल्या मार्टिन ल्यूथरचा चेला. पोपच्या नावात ६६६ सापडलंच पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं. ‘लिओ देसिमुस’, म्हणजे दहावा लिओ. यातली रोमन अंकांची अक्षरं वेचली, तर बेरीज झाली १६५६. हजार जास्त! मग एम हे अक्षर ‘मिस्टेरियम’चं, म्हणजे गूढाचं, असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. राहिले ६५६. दहा कमी! पण पोप दहावा आहे ना? घाला दहा. झाले ६६६. अशा हिशेबाला कुणीही सापडतो. कॅथलिकांनीही नावाची अक्षरं थोडी वाकवून खुद्द ल्यूथरला त्यात बसवलंच.

श्टीफेल एवढ्यावर थांबला नाही. १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ वाजता जग बुडणार, असं त्याने जाहीर केलं. त्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असं येशूनेच सांगितल्याचं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. पाळक असलेल्या श्टीफेलने ते वाचलं नसेल असं कसं म्हणावं? ल्यूथरने त्याला समजावून पाहिलं. ऐकतो कोण! त्याच्या लोखाऊ गावातल्या शेतकऱ्यांनी कामं सोडली, सगळे देवळात जमले. आठ वाजले. नऊ वाजले. श्टीफेलला अटक झाली, पद गेलं. ल्यूथरच मध्ये पडला म्हणून निभावलं. पुन्हा भाकितं करणार नाही, असं कबूल केल्यावर त्याला दुसरं गाव मिळालं.

आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही. श्टीफेल गणिताकडे वळला आणि १५४४ मध्ये ‘अरिथमेटिका इंटेग्रा’ हा ग्रंथ छापला. शाळेत दोनाच्या डोक्यावर बारीक तीन लिहून आपण ज्याला घातांक म्हणतो, त्याचं ‘एक्स्पोनंट’ हे नाव याच पुस्तकातलं.