भरवेलीचा काळा दगड



बालाघाटजवळ भरवेली आहे.
तिथला काळा दगड हातात घ्या.
मुठीएवढाच असतो,
पण हात खाली ओढला जातो!
हे मँगनीज.

मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही.
रेल्वेचे रूळ घ्या,
नदीवरचे पूल घ्या,
त्या पोलादात हा दगड आहे.

इथे इंग्रजांच्या काळापासून खाणकाम चालू आहे.
तेव्हा बालाघाट मध्य प्रांतात होतं,
आणि प्रांताची राजधानी होती नागपूर.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली.
बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं,
नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले.
राज्यं वेगळी झाली, श्रोतेहो,
पण या तिन्ही ठिकाणचा मँगनीजचा पट्टा एकच राहिला.

१९६२ साली हे मँगनीज काढणारी मॉइल ही कंपनी स्थापन झाली.
त्यात केंद्र सरकारबरोबर
मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोघांचाही वाटा.
मुख्य कार्यालय आजही नागपुरात.
दोन राज्यांची ही भागीदारी मला फार मोलाची वाटते.

आता जरा जमिनीखाली जाऊ.
भरवेलीची खाण
आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींपैकी एक.
कामगार पिंजऱ्यासारख्या पाळण्यातून खाली उतरतात.
दगड काढला, की मागे पोकळी उरते.
ती तशीच सोडत नाहीत.
पाण्याबरोबर वाळू आत सोडतात.
पाणी निथळून जातं,
वाळू घट्ट बसते.
त्याच वाळूवर उभं राहून
कामगार वरचा थर फोडतात.