मातीची मूर्ती आणि पडद्यावरची मूर्ती



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानमालेत उभा राहिला की श्रोते बोनस आणि संप यांची वाट पाहू लागतात. आज मात्र आम्ही प्रेमकथांविषयी बोलणार आहोत, आणि त्याही दूरचित्रवाणीवरच्या. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व गेटसभांत अधिक झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये, एवढी विनंती.

आरंभ एका चिनी शब्दापासून करतो. तैवानात तरुण-तरुणींच्या प्रेमाच्या ज्या मालिका निघतात, त्यांना मंदारिन भाषेत ‘ओउ-शियांग जू’ म्हणतात. ‘जू’ म्हणजे नाटक आणि ‘ओउ-शियांग’ म्हणजे मूर्ती. त्यातल्या ‘ओउ’चा जुना अर्थ माती-लाकडाची बाहुली असा आहे. देखणा नट हेच त्या नाटकाचे दैवत, म्हणून हे मूर्तिनाटक! हा अर्थ कळला तेव्हा आम्हांला आपले हमरापूर आठवले. पेणच्या अलीकडचे हे गाव आणि शेजारची जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे यांचा संसार मूर्तीवरच तर चालतो.

या जातीच्या मालिकांत गाजलेली मालिका म्हणजे २००१ सालची ‘मेटिऑर गार्डन’, अर्थात ‘उल्कांची बाग’. मूळ कथा योको कामिओ या जपानी लेखिकेच्या चित्रकथेतली. शान-त्साय नावाची गरीब घरची मुलगी श्रीमंतांच्या मुलांनी भरलेल्या महाविद्यालयात जाते. तिथे चार धनिकपुत्रांचे राज्य असते. त्यांच्यापुढे सारे माना खाली घालतात. ही मुलगी तेवढी उलट उत्तर देते, आणि त्या चौघांचा म्होरक्याच पुढे तिच्या प्रेमात पडतो. तिचे नाव एका रानटी तणावरून ठेवलेले आहे. कितीही तुडवा, ते पुन्हा उगवते. चीनमध्ये सरकारने २००२ साली तरुणांवर वाईट परिणाम होतो म्हणून ही मालिका थांबविली. पण लोकांनी ती पाहायची ती पाहिलीच.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३ साली सुरू झाली. बँकेत नोकरी करणारी जान्हवी आणि मोठ्या उद्योगाचा मालक श्री. तिचे मंगळसूत्र सराफांच्या दुकानांत जाऊन बसले. २०१४ साली ‘जय मल्हार’ आली. तीही एका अंगाने प्रेमकथाच. म्हाळसा आणि बानू यांच्यामध्ये सापडलेल्या देवाची. खंडोबाचे काम करणारे देवदत्त नागे आपल्याच अलिबागचे. त्यानंतरच्या गणेशोत्सवांत गणपतीच जय मल्हारच्या रूपात अवतरले! पडद्यावरची मूर्ती हमरापूरच्या साच्यात उतरली, ती अशी.

आता साच्यामागची माणसे पाहू. रबरी साच्यात काथ्या घालून प्लास्टर ओतायचे, मूर्ती काढायची, सांधे घासायचे, मग रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. बऱ्याच मूर्ती रंगाआधीच, पांढऱ्याफटक, बाहेरगावी रवाना होतात. एका संध्याकाळी आम्ही अशाच एका कारखान्यात गेलो होतो. कोपऱ्यात टीव्हीवर मालिका चालू होती आणि पाचसहा बाया मूर्ती घाशीत होत्या. एकीचीही मान वर नव्हती. आम्ही विचारले, “मालिका लावली आहे, पण बघत कोणी नाही?” एक बाई म्हणाली, “भाऊ, बघाला येल कुठं हाय? आमी आयकतो.” नगावर मजुरी असली की डोळे पडद्याकडे वळविणे परवडत नाही. मग आम्ही विचारले, “हिच्यात आवडते काय?” ती म्हणाली, “ती पोरगी सासूला उलट बोलते, ते आवडतं.”

मंडळी, हे उत्तर ऐकून आम्ही ओशाळलो. या मालिका म्हणजे गरिबाला दिलेली गुंगी आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो. श्रीमंत मुलगा गरीब मुलीशी लग्न करतो आणि तिची एकटीची चाळ सुटते. बाकीची चाळ तिथेच राहते, हा आमचा आक्षेप आजही कायम आहे. परंतु त्या बाईने लग्न उचललेच नव्हते. तिने उचलले ते उलट उत्तर! शान-त्सायचे तण तिच्या अंगणातही उगवले होते. आम्हांला मात्र ते दिसले नव्हते.

पण उत्तर टीव्हीतच राहते, दुःख ते आहे. हंगामाच्या तोंडी त्याच बाया रात्रीचा दिवस करतात. त्या रात्रींची नोंद कोणत्या वहीत आहे, असे विचारले, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

आणि पडद्याच्या आत तरी काय आहे? रोज एक भाग पाहिजे, म्हणून दिवसाचे बारा-बारा तास चित्रीकरण चालते, आणि पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा प्रघात. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत सिने-कर्मचाऱ्यांच्या फेडरेशनने संप पुकारला, त्यात आठ तासांच्या पाळीची मागणी होती. तैवानच्या पडद्यावरून नावारूपाला आलेला गॉडफ्रे गाओ हा नट २७ नोव्हेंबर २०१९ रोजी चीनमध्ये एका स्पर्धेच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू असताना कोसळला आणि गेला. वय अवघे ३५. काम सतरा तास चालले होते, अशा बातम्या आल्या. ज्याची मूर्ती करून लोकांनी पुजले, त्याच्याही श्रमाला घड्याळ नव्हते! मूर्ती घडविणारा आणि मूर्ती झालेला, दोघेही शेवटी मजूरच.

बानूच्या कथेत एक गोष्ट आहे. तिच्यासाठी खंडोबा तिच्या बापाच्या घरी चाकर राहिला, मेंढरे राखली. आमच्या लोकांनी देवालासुद्धा काम करायला लावले, कारण कष्टात हलकेपणा नाही हे त्यांना ठाऊक होते. हलकेपणा आहे तो कष्ट न मोजण्यात.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. कारखान्यात हजेरीची वही असावी, रात्रीचे तास तीत लिहिले जावेत, मजुरी हंगाम संपण्याची वाट न पाहता हातात पडावी. मालकही बहुतेक कर्ज काढून उभे असतात, हे आम्ही जाणतो. त्यांच्याशी भांडून नव्हे, बसून हे ठरविता येईल. परंतु बसण्यासाठी आधी त्या बायांनी एकत्र यावे लागेल. आणि आपण पेणचे, पनवेलचे, मुंबईचे गिऱ्हाईक. मूर्ती ठरविताना किंमत विचारतो, तसे एकदा हेही विचारावे, की हिचे डोळे कोणी आखले आणि तिला तिचे पैसे पोहोचले का?

मालिका खुशाल पाहा. प्रेमावर आमचा राग नाही. फक्त त्या पोरीचे लग्न पाहून डोळे पुसताना तिचे उलट उत्तरही लक्षात ठेवा. हमरापूरच्या बाईने ते कानाने टिपले आहे. ते तिच्या तोंडून निघेल, त्या दिवशी आपण तिच्या बाजूला बसलेले असावे.