तागडीवरचा शेवटचा आकडा

अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे बरेच जण दुकानातली तयार काडतुसं वापरत नाहीत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी आणायची, साच्यात दाबून पुन्हा मापात बसवायची, मागे ठिणगी पाडणारा नवा प्राइमर घालायचा, आत दारू मोजून ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची, असा हा घरगुती उद्योग. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, तेव्हा आजचं बोलणं ऐकून कुणी घरात हा कारखाना मांडू नये. पण ज्यांचे भाऊ-भाचे तिकडे या छंदाला लागलेत त्यांना, आणि मोजमापाशी रोजचा संबंध असलेल्या कुणालाही, यातला एक प्रश्न विचार करण्याजोगा वाटेल. दारू तोलावी तरी किती बारीक? माझं उत्तर असं की, एक दशांश ग्रेनपर्यंत खात्रीने तोलावी. त्याहून बारीक आकडा दाखवणारा काटा विकत घेण्याआधी, आहे तो काटा खरं बोलतो का, हे बघावं.

ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन, साधारण ६५ मिलिग्रॅमचं. आपल्याला ते अगदीच परकं नाही. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. ६.५ क्रीडमूर या लांब पल्ल्याच्या लोकप्रिय काडतुसात साधारण ४० ग्रेन दारू मावते आणि गोळी सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास वेगाने सुटते. दारूत एक दशांश ग्रेनचा फरक पडला तर वेगात फरक पडतो सुमारे ५ फुटांचा. १,००० यार्डांवर त्यामुळे गोळी इंच-सव्वा इंच वर किंवा खाली लागते. तिथल्या एफ-क्लास स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या पोटातलं सगळ्यात आतलं वर्तुळ ५ इंचांचं. म्हणजे सव्वा इंच ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, पण सामना घालवणारीही नाही. ताशी दहा मैलांचा वारा नऊ मैलांचा समजलात, तर त्याच अंतरावर गोळी आडवी अर्धा फूट तरी सरकते.

तरीही माणसाला वाटतं, सव्वा इंच तर सव्वा इंच, वाचतोय तेवढा वाचवू. इथे गणित आड येतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेने साठत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि तिचं वर्गमूळ निघतं. समजा, पुंगळ्यांच्या आतल्या जागेतला फरक, गोळीवरची पकड, प्राइमर या सगळ्यांमुळे वेगात ८ फुटांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, येतो आणि दारूच्या तोलण्यामुळे ३ फुटांचं. दोन्ही मिळून ११ होत नाहीत, होतात साडेआठ. आता हजार डॉलर खर्चून दारूची चूक पार शून्यावर आणलीत, तरी उरतात ८. कमाई अर्ध्या फुटाची. आणि ती दिसणार कशी? पाच गोळ्या झाडून काढलेलं विचलन इतकं कच्चं असतं की, खरा आकडा त्याच्या सहा दशांशापासून जवळजवळ तिपटीपर्यंत कुठेही असू शकतो. नव्या काट्याने पहिल्याच दिवशी फरक पडला असं सांगणाऱ्याला मी एवढंच विचारीन की, गोळ्या किती झाडल्या होत्या?

यावर पहिला आक्षेप असा की, अव्वल नेमबाज तर प्रयोगशाळेतले काटे वापरतात, दोन शतांश ग्रेन दाखवणारे. दारूची एकेक नळकांडीसारखी कणी तेवढ्याच वजनाची असते, म्हणजे ते अक्षरशः कण मोजतात. ते वेडे नाहीत. त्यांनी बाकीच्या चुका आधीच घासून घासून ४ फुटांवर आणलेल्या असतात. मग दारूचे ३ मिळून होतात ५, शाळेतल्या त्या काटकोन त्रिकोणाप्रमाणे, आणि दारूची चूक काढली की ५चे ४ होतात. हा पाचवा हिस्सा आहे, त्याला पैसे मोजायला हरकत नाही. पण तो क्रमाने शेवटी येतो. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. १०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्ट स्पर्धांत लोक दारू तोलतच नाहीत, मापाने ओततात आणि जिंकतातही. मग काटा हवाच कशाला? त्या अंतरावर गोळी इतक्या लवकर पोचते की, वेगातला थोडा फरक खाली-वर दिसतच नाही. शिवाय बारीक, गोलसर कणांची दारू मापात सारखी बसते. लांब काड्यांसारखी दारू मापाच्या तोंडाशी अडकते, पूल बांधते आणि पुढच्या खेपेला धबकन जास्त पडते. १,००० यार्डांसाठी तोलणं सुटत नाही.

आणि तोलण्याचं खरं कारण सुरक्षेचं आहे. दारू वाढली की आतला दाब वेगापेक्षा बराच झपाट्याने वाढतो. दशांशाच्या चुकीने कुणाची बंदूक फुटत नाही, पण नकळत दोन-तीन ग्रेन सरकलेल्या काट्याने फुटू शकते. म्हणून काडतुसं भरण्याच्या छापील पुस्तिकेतल्या दारूच्या सर्वांत कमी भारापासून सुरुवात करायची आणि कमाल आकड्यापलीकडे जायचं नाही. काटा मात्र खोटं बोलतो ते गुपचूप. पंख्याची झुळूक, प्लॅस्टिकच्या नरसाळ्यावरची स्थिर वीज, शेजारी ठेवलेला मोबाइल, नुकतंच चालू केलेलं यंत्र, सगळ्यांनी आकडा हलतो. काट्यासोबत येणारं प्रमाण वजन बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचं असतं आणि दारू असते अडीच-पावणेतीन ग्रॅम. तेव्हा २ किंवा ३ ग्रॅमचं वेगळं प्रमाण वजन घेऊन त्यानेच काटा तपासावा. स्वस्त इलेक्ट्रॉनिक काट्याची आणखी एक खोड आहे. एकेक कण टाकत गेलात तर तो त्याला स्वतःचंच सरकणं समजून दाबून टाकतो आणि आकडा जागचा हलत नाही. अशा वेळी पारडं उचलून पुन्हा ठेवावं, खरं वजन तेव्हा दिसतं. पारडं ठेवून काटा शून्यावर आणला असेल तर ते उचलल्यावर उणे चिन्हासह त्याचं वजन दिसतं. तो आकडा सुरुवातीलाच चिठ्ठीवर लिहून काट्याशेजारी ठेवावा. मधेच तो बदललेला दिसला, तर मागे बरोबर आलेल्या तपासणीनंतर भरलेल्या पुंगळ्यांतली दारू काढून ती पुन्हा तोलावी.