नवजात बालकांचे धनुर्वातापासून संरक्षण

२०१५ मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात नवजात धनुर्वाताचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहून कमी झाले. जंतू मात्र मातीत कायम आहेत. गरोदर मातेस टीडी लस दिल्यास तिची प्रतिद्रव्ये वारेतून बाळास मिळतात. माता एच.आय.व्ही. बाधित असल्यास ती कमी मिळू शकतात, बाळ बाधित नसले तरीही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात व ससून रुग्णालयात अशा बालकांविषयी संशोधन झाले आहे.

म्हणून गरोदर स्त्रीची नोंदणी व तपासणी वेळेवर व्हावी, बाधित मातेचे औषध खंडित होऊ नये आणि बाळाची ६, १० व १४ आठवड्यांची लस चुकू नये. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे घरोघरी पटवावे. मातेच्या आजाराची गुप्तता मात्र कटाक्षाने पाळावी.