विधि महाविद्यालय आणि वकिली पेशा



आमच्याजवळ सनद नाही, कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. तरी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही मानतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची बाजू मांडण्याचा हक्क संघटनेच्या पदाधिकाऱ्याला दिला. वकिलाला मात्र त्यासाठी समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागे. त्या हक्काच्या बळावर कोर्टात उभे राहता राहता आम्ही कायदा वाचला, तो गरजेपोटी.

मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय 1855 सालचे. सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी विलायतेला परतले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या गौरवार्थ निधी जमविला आणि त्यातून न्यायशास्त्राचे अध्यासन निघाले. पुतळ्यापेक्षा हे बरे झाले! रानडे, टिळक इथलेच. टिळकांनी वकिलीचा धंदा केला नाही. 1908 साली स्वतःचा खटला मात्र स्वतःच चालविला.

पण या संस्थेने पेशाची खरी सेवा केली ती निराळ्या रीतीने. हायकोर्टात वकिली करणारी माणसे कोर्टाच्या वेळेआधी किंवा नंतर येऊन इथे शिकवीत. पेशा आपले वारस आपल्याच हातांनी घडवीत होता. वर्ग सकाळ-संध्याकाळचे, म्हणून कचेरीत लेखणी घासणाऱ्या कारकुनालाही वकील होता येई. 1935 साली डॉ. आंबेडकर येथे प्राचार्य झाले आणि पेरी अध्यासनही त्यांच्याकडे आले. प्राचार्य असतानाच, 1936 साली, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 साली ते पद सोडले आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते मजुरांबरोबर उतरले. वर्गात कायदा शिकविणारा माणूस कायद्याविरुद्ध संपात उतरतो, यात आम्हांला विसंगती दिसत नाही.

आता बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी वर्ग सकाळी 8 ते सायंकाळी 7 यांमध्येच भरवायचे आणि आठवड्याला 30 तास पुरे करायचे. दर्जा राखायचा हा हेतू चांगलाच. निव्वळ हजेरीपटावर जगणारी कॉलेजे आम्हीही पाहिली आहेत. पण वागळे इस्टेटीत दिवसपाळी करणाऱ्या मुलाला ती वाट बंद झाली.

त्याच नियमांनी प्रत्येक विधि महाविद्यालयात कायदा-साहाय्य केंद्र हवे, असेही म्हटले आहे. ते केंद्र कॉलेजच्या इमारतीत न भरविता आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्या युनियनच्या कचेरीत भरवावे. विद्यार्थ्यांनी बडतर्फीच्या नोटिशीला उत्तरे लिहावीत. खुर्च्या आहेत, चहाही मिळेल. आणि हजेरीकार्डावरून थकलेला ओव्हरटाइम कसा काढावा, हे आमचे खजिनदार त्यांना फुकट शिकवतील.