फोटोत मागे काय आहे?



फोटो काढताना आपलं लक्ष समोरच्या माणसावर असतं. आज मला बोलायचंय ते त्याच्या मागे जे दिसतं त्याविषयी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या कितीतरी वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या त्या वाड्या आज कुठे पाहायच्या? मुंजीच्या, साखरपुड्याच्या फोटोंत. नवरीच्या खांद्यामागे पोफळींची रांग दिसते, खोडावर चढलेला मिरीचा वेल दिसतो, खाली शिंपण्याचा पाट. वाडीचा म्हणून फोटो सहसा कोणी काढत नाही. रोज दिसते, तिचा काय काढायचा!

पण मागचं असं दर वेळी टिकतंच असं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. त्या काळातल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं पुस्तक १८६३ पासून दोन भागांत लंडनला छापलं गेलं. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला आहे. पोशाख कळतो, पागोटं कळतं; पण तो माणूस राहायचा कुठे, त्याच्या दारात काय होतं, हे कायमचं गेलं. याची मला फार हळहळ वाटते. आणि आज आपल्या मोबाइलमध्ये मागचं सगळं धूसर करायची सोय आहे, ती आपण हौसेनं वापरतो!

ती जरा बंद ठेवून कोळीवाड्यात जा. बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींना आधी विचारा, मग फोटो घ्या, आणि घरी येऊन तो मोठा करून पाहा. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकलेली असते. त्याला ना खिळा लागतो, ना चिमटा. त्या वाटेनं रोज जाणाऱ्याच्याही हे ध्यानात आलेलं नसतं, कारण चालता चालता नजर ठरत नाही. फोटोत ती ठरते.

आता पुन्हा त्या वाड्यांकडे. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. वादळानंतर लगेच लावलेली रोपं आता त्या वयाला पोचली आहेत. यंदा त्यांचा फोटो काढा, मागे विहीर येऊ द्या, आणि वाडी कोणाची, तारीख कोणती, तेही लिहून ठेवा.