पनवेल : बंदरापासून उपनगरापर्यंत



पनवेलीस राहतों असें सांगितलें, कीं मुंबईकर गृहस्थ हल्लीं दोनच प्रश्न विचारतात. गाडीला वेळ किती लागतो, आणि जागेचा भाव काय चालला आहे? ह्या प्रश्नांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु ज्या गांवीं मी जन्मलों आणि ज्याच्या मुलांस तीसांहून अधिक वर्षें शिकविलें, तें गांव ह्या दोन प्रश्नांत मावत नाहीं, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

पनवेल आज मुंबईचें दूरचें उपनगर समजलें जातें. पूर्वीं तें उपनगर नव्हतें. देशावरून मुंबईस येणाऱ्याचें तें दार होतें. गाढी नदी जेथें खाडीस मिळते, तेथें हें बंदर वसलें. पुण्याहून निघालेला मनुष्य बोरघाट उतरून खोपोलीवरून पनवेलीस येई आणि भरतीची वेळ साधून गलबतानें मुंबई गांठी. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि ह्या वाहतुकीस मोठाच जोर आला. देशावरचा शेतकरी आपला माल घेऊन खालीं उतरे, तो परततांना ऐपत असल्यास बैलगाडीच्या चाकांची एक जोडी घेऊन जाई. गाडीचीं चाकें करणें हा पनवेलचा मुख्य धंदा असल्याची नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत सांपडते. घाटाच्या चढउतारावर चाकांची काय दशा होते, हें ज्यानें बैलगाडी हांकली त्यास सांगावयास नको.

ह्या वैभवाच्या खुणा अद्यापि पाहावयास मिळतात. बेने इस्राएल समाजाचें बेथ एल प्रार्थनामंदिर १८४९ मधील आहे. त्या समाजाचें नांव गांवच्या एका तलावानेंही धारण केलें आहे. नगरपालिका स्थापन झाली १८५२ सालीं, म्हणजे मुंबई-ठाणें आगगाडी धांवण्याच्या आधीं एक वर्ष! १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें धूतपापेश्वराच्या नांवानें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. जवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले.

पण आगगाडीनें पनवेलकडे पाठ फिरविली. ती ठाणें-कल्याणवरून १८५६ मध्यें खोपोलीस आणि १८६३ मध्यें घाट चढून थेट पुण्यास गेली. ज्या मालास बंदर लागत असे, त्यास आतां तें लागेना. आमचें गांव बाजूस पडलें. मात्र त्यामुळेंच त्याची जुनी घडी पुढें शंभर वर्षें फारशी मोडली नाहीं, असेंही म्हणतां येईल.

ती घडी माझ्या लहानपणीं मीं पाहिली आहे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्यें झाला. तत्पूर्वीं मोटारीनें मुंबईस जाणें म्हणजे ठाण्याचा वळसा. सकाळीं कोळीवाड्यांतून मासळीच्या पाट्या बाजारांत येत. भाताच्या हंगामांत गिरण्यांचा कोंडा रस्त्यावर उडे. तिसरे प्रहरीं वडाळे तलावाच्या कांठीं वृद्ध मंडळी जमत. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे हीं तलावांचीं नांवें आम्हां मुलांस पाढ्यांसारखीं पाठ असत. पावसाचें पाणी पडेल तेथेंच धरावें हें शहाणपण ज्यांनीं ते तलाव बांधले त्यांस होतें. आज त्याच गांवाभोंवतालच्या नव्या वसाहतींत चैत्र-वैशाखांत टँकर फिरतात, आणि २६ जुलै २००५ रोजीं गाढीचें पाणी घरांत शिरलें होतें. एकाच ठिकाणीं टंचाईही आणि पूरही, ह्याचा विचार नव्या-जुन्या सर्वच रहिवाशांनीं करण्यासारखा आहे.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं खाडीकांठच्या शेतजमिनी व मिठागरें संपादण्यांत आलीं. आगरी, कोळी, कराडी लोकांचें पोट त्यांवर होतें. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. संपादिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत मिळण्याचें धोरण त्या रक्तांतून आलें आहे.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग सांगतों. विमानतळासाठीं उलवें, तरघर, कोंबडभुजें, कोपर, चिंचपाडा अशीं गांवें उठत होतीं. त्यांपैकीं एका गांवचे गृहस्थ मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आले. माझा लहानपणचा वर्गबंधूच तो. जन्मस्थानाच्या रकान्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “गुरुजी, गांवच उरलं नाही, आता इथे काय लिहाल?” एरवीं तो मला नांवानेंच हांक मारी, त्या दिवशीं ‘गुरुजी’ म्हणाला. मीं गांवाचें नांव नेहमींपेक्षां ठळक अक्षरांत लिहिलें. त्याहून अधिक मला कांहीं करतां आलें नाहीं.

आतां चित्र पार पालटलें आहे. हार्बरची लोकल १९९८ मध्यें आली. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानेंही उडूं लागलीं. एके काळीं लोहमार्गानें टाळलेल्या ह्या गांवीं आज सगळेच मार्ग येऊन मिळतात. पहांटे चार-पांचांस घर सोडणारा नोकरदार रात्रीं परततो तो केवळ निजण्यापुरता, आणि त्याच्या मुलांस आपण कोणत्या गांवीं राहतों हें ठाऊक नसतें. लोहमार्गानें टाळलेलें गांव निदान आपल्या नांवानें ओळखलें जात होतें.

नव्यानें आलेल्यांस मी परका मानीत नाहीं. बंदराचें गांव परक्यांनींच वाढतें. आमचेही पूर्वज कोठून तरी आलेच होते. विनंति एवढीच, कीं खारघर, कामोठें, कळंबोली हीं केवळ वसाहतींचीं नांवें नव्हेत. तीं नांदत्या गांवांचीं नांवें आहेत. येत्या रविवारीं मुलांचा हात धरून एखाद्या तलावाच्या कांठीं जावें, तेथें बसलेल्या वृद्धास त्याचें नांव विचारावें, आणि त्यास वेळ असल्यास थोडें ऐकूनही घ्यावें. त्यास वेळ असतोच.